खानापूरच्या रानापासून सौंदत्तीच्या माळापर्यंत भाड्याचा तंबू

बेळगावातील एका दुकानातून भाड्याने घेतलेला चौघांचा तंबू खानापूर तालुक्याच्या सदाहरित रानालगत चोख ठरला, कारण दुहेरी छतामुळे सततच्या सरींतही आतले कापड कोरडे राहिले आणि जाळीच्या खिडक्यांमुळे दमटपणा साचला नाही. जळवांसाठीचे लांब मोजे मात्र मागितल्यावरच मिळाले. २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, हे दुकानदारांनी आपणहून बजावले. एवढी दक्षता हल्ली दुर्मीळच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सौंदत्तीच्या उघड्या, गवताळ माळावर तोच तंबू उणा पडला: बारीक ॲल्युमिनियमच्या खुंट्या खडकाळ जमिनीत वाकल्या आणि वाऱ्याने छत रात्रभर फडफडत राहिले. पूर्वेकडे जाणाऱ्यांनी लोखंडी खुंट्या व जाड दोर आवर्जून मागावेत.