ओठावर जर उठला : मलम की गोळी?

वर्षातून तीन-चारदा ओठावर जर, म्हणजे पाण्याचे बारीक फोड, उठणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, असायक्लोव्हिरचं मलम लावू की व्हॅलासायक्लोव्हिरची गोळी घेऊ? दोन्ही विषाणूविरोधी औषधं.

आधी एक गोष्ट. जर उठतो तो हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे. हा विषाणू, बहुतेकदा प्रकार १, एकदा शरीरात शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत आयुष्यभर दडून राहतो. ताप, कडक ऊन, ताण, पाळी यांपैकी काहीतरी निमित्त होतं आणि तो पुन्हा ओठावर येतो. त्याला तिथून हुसकणं मलमालाही जमत नाही आणि गोळीलाही.

वेळेचं गणित दोन्हींचं सारखंच. ओठ चुणचुणू लागताच सुरुवात हवी. फोड भरल्यावर फारसा उपयोग नाही.

खटाटोप मलमाचा जास्त: दिवसातून पाच वेळा, चार-पाच दिवस, दर वेळी हात धुऊन. गोळीचा प्रौढांसाठीचा कोर्स एका दिवसाचा, २ ग्रॅम आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम, पण डॉक्टरांना विचारूनच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा बदलते.

परिणाम? गोळीने बरं होणं साधारण एक दिवस लवकर, मलमाने त्याहून कमी. जाहिरातीतलं ‘झटपट’ विसरा.

खपली पडेपर्यंत कुणाचा मुका घेऊ नका, तान्ह्या बाळाचा तर अजिबात नाही. नवजात बाळाच्या हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागला तर तुलना सोडा, लगेच डॉक्टर गाठा.

क्वचित, लहानसा जर उठत असेल तर मलम पुरे. मैत्रिणीसारखा वारंवार उठत असेल तर गोळी लिहून घेऊन घरात ठेवलेली बरी.