जवारी चोख, तारीख कच्ची: मिरजेतला अनुभव

सांगलीच्या विश्रामबागेतून तंबोरा घेऊन वडापमध्ये बसता येत नाही, आख्खी रिक्षाच करावी लागते. तेव्हा मिरजेला जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा झणकार जुळवून घ्यायला नेणार असाल, तर भाडं आधीच हिशेबात धरा.

मी गाते, शिकवते आणि संगीतात पीएचडी करतेय. जवारी बदलली की गाणारीच्या सूर लावण्यात काय फरक पडतो, हा विषय. गाणारी मीच आणि टिपणंही माझीच, हे आमच्या समितीच्या गळी उतरवताना घाम फुटला. बेल्जियममध्ये गेंटच्या ऑर्फियस इन्स्टिट्यूटमध्ये १९९६ पासून वादक-गायकांच्या स्वतःच्या रियाजातून संशोधन उभं राहतंय. आपल्याकडे पहिला प्रश्न, प्रश्नावली किती जणांकडून भरून घेतली?

सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांनी असलं काही विचारलं नाही. "ताई, आधी गाऊन दाखवा," म्हणाले. मी काळी चारचा षड्ज लावला, मग त्यांनी कानस हातात घेतली. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते, म्हणून तो झणकार उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर लिहिलं होतं, की एरवी जे उपस्वर (मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर) ऐकू यायला नकोत, तेही तंबोऱ्यात येतात. इथे ते कानसेच्या दोन-तीन हातांत ऐकू आले. घासायचं, तार चढवायची, तार आणि घोडी यांच्यामधला दोरा केसभर सरकवायचा, मला परत गायला लावायचं. पंचम मोकळा झाला तसे थांबले आणि म्हणाले, "मारवा-पूरिया गाताना नी लावणार असाल तर आत्ताच सांगा. तार चढली की दोऱ्याची जागा बदलते." (या रागांत पंचम नसतो, म्हणून पंचमाची तार निषादावर चढवतात.) माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण या वाक्यावर उभं राहणार आहे, आणि तळटीप कशी द्यायची ते मला अजून सुचलेलं नाही.

आता तक्रार. बुधवारी देतो म्हणाले, मिळाला पुढच्या सोमवारी, तोही मी तीनदा फोन केल्यावर. बिलावर नुसतं 'रिपेरी' लिहिलेलं. काय घासलं, किती घासलं, काही नाही. परिशिष्टाला हवं होतं म्हणून घोडीचे आधीचे-नंतरचे फोटो मीच मोबाइलवर काढले. तुम्हीही काढा, आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून चालू ठेवा. कारागीर मध्येच काहीतरी मोलाचं बोलून जातात, पुन्हा विचारलं तर हसतात.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नवा तंबोरा घेणाऱ्याने त्याची चौकशी जरूर करावी. जवारीच्या कामाला त्याने काही फरक पडत नाही, तिथे हात कोणाचा आहे एवढंच बघायचं.

मी पुन्हा तिथेच जाणार. कार्यक्रमाच्या आठवड्यात मात्र तंबोरा त्यांच्याकडे टाकू नका.