बिलं वाचणारं सॉफ्टवेअर: अक्षर न् अक्षर बरोबर, तारीख मात्र अंदाजाने

चुकतं केलेलं बिल ‘थकीत’ म्हणून पुन्हा लाल रंगात वर आलं आणि पैसे दुसऱ्यांदा जायची वेळ आली. आमचा हिशेब बघणाऱ्या ताईंनी बँक स्टेटमेंट उघडून पाहिलं म्हणून वाचले. बिलं आपोआप वाचून खर्च लावणारं हे सॉफ्टवेअर मी काही महिने रोज वापरतेय. फोटो काढायचा, ईमेल पुढे पाठवायचा, बँक खातं जोडायचं की पुढचं ते बघतं, एवढं तुम्हाला माहीतच असणार. मला बोलायचंय ते तारखेबद्दल.

तरी आधी चांगलं सांगते, कारण ते खरोखर चांगलं आहे. चुरगळलेल्या पावतीवरची रक्कमसुद्धा ते सहसा चुकवत नाही. थर्मल कागदाच्या पावत्यांवर शाई नसतेच. कागदावरच्या लेपातलं रसायन उष्णतेने गडद होतं आणि ऊन, उष्णता किंवा प्लास्टिकच्या पाकिटामुळे तीच अक्षरं पुढे पुसट होत जातात. त्यामुळे पावती हातात पडली की लगेच फोटो काढायची शिस्त सगळ्यांना लागली, हे मोठं काम झालं. शिवाय दर महिन्याला पैसे कापले जाणारी एक ऑनलाइन सेवा, जी आमच्यापैकी कुणीच वापरत नव्हतं, ती याच्या ‘नियमित खर्च’ यादीत सापडली. ती बंद केल्यावर जे वाचलं, त्यातून सॉफ्टवेअरचं भाडं जवळजवळ सुटतं. काटकसर करणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय सांगायचं?

आता त्या लाल बिलाकडे वळते. बिलावर तारीख होती ०३/०७, म्हणजे ३ जुलै. सॉफ्टवेअरने महिना आधी धरून ती ७ मार्च अशी नोंदवली. पैसे आम्ही ५ जुलैला दिले होते. बँकेतली रक्कम आणि बिल यांची जोडी लावताना हे सॉफ्टवेअर रकमेसोबत तारखाही जवळच्या आहेत का ते बघतं. मार्चचं बिल आणि जुलैचा भरणा जवळचे नाहीत, म्हणून जोडी लागली नाही. परिणाम असा की बिल मार्चच्या खात्यात ‘न भरलेलं’ म्हणून पडून राहिलं आणि बँकेतून गेलेली रक्कम जुलैमध्ये ‘वर्गवारी न केलेला खर्च’ म्हणून वेगळी चढली. एकच खर्च दोनदा, तोही दोन वेगळ्या महिन्यांत. दोन आकडे उलटे झाले आणि महिन्याचा ताळमेळ, तिमाहीचा आढावा, पुरवठादाराची बाकी असं सगळं बिघडलं.

सुरुवातीला मला वाटलं, फोटो नीट आला नसेल. तसं नव्हतं. आकडे अचूक वाचले होते, शेजारी हिरवी खूणही होती. मग लक्षात आलं की ही खूण फक्त अक्षरं ओळखल्याची आहे. त्या अक्षरांचा अर्थ काय लावला, याची कुठलीच खात्री ती देत नाही. स्क्रीनवर हे कुठेही लिहिलेलं नाही, आणि माणूस हिरवं दिसलं की पुढे जातो.

ही अडचण किती मोठी आहे ते मी मोजून पाहिलं. तारीख १३ किंवा पुढची असेल तर घोळ होत नाही, कारण तेरावा महिनाच नसतो. पहिल्या १२ तारखा मात्र दोन्ही बाजूंनी वाचता येतात. १२ महिने गुणिले १२, म्हणजे १४४ दिवस. त्यातून ०५/०५ सारखे बिनधोक १२ दिवस वजा केले तरी वर्षातले १३२ दिवस उरतात. एक तृतीयांशाहून जास्त! महिन्याच्या उत्तरार्धात सगळं ठणठणीत चालतं, म्हणून दोष लवकर सापडतही नाही.

मला सर्वांत जास्त चीड आली ती पुढच्या गोष्टीची. त्याच बिलावर भरण्याची मुदत १८/०७ छापलेली होती. ती त्याने बरोबर १८ जुलै अशी वाचली. म्हणजे एकाच कागदावर एक तारीख दिवस-आधी आणि दुसरी महिना-आधी! सव्वाचार महिन्यांची उधारी आम्हाला कुणी देत नाही. मुदतीची तारीख एकदा पडताळली असती तरी चूक जागच्या जागी कळली असती. आमचा एक पुरवठादार तर असं पीडीएफ पाठवतो ज्याच्या आत एक्सएमएल, म्हणजे संगणकाला थेट वाचता येणारी बिलाची माहिती, जोडलेली असते. युरोपातल्या ‘फॅक्टुर-एक्स’सारख्या ई-बिलाच्या पद्धतीत तारीख २०२५०७०३ अशी सलग, वर्ष-महिना-दिवस क्रमाने असते. तिथे शंकेला जागाच नाही. तरीही हे सॉफ्टवेअर आतलं एक्सएमएल सोडून वरचं छापील चित्र वाचतं आणि पुन्हा अंदाज बांधतं. वर्ष-महिना-दिवस हा क्रम आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाने १९८८ पासून ठरवून दिलाय.

मदत केंद्राशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगते. पहिलं उत्तर आलं, “सेटिंगमध्ये तारखेचा क्रम निवडा.” तो पहिल्याच दिवशी निवडला होता. ते सेटिंग फक्त दाखवण्यासाठी आहे, वाचण्यासाठी नाही, हे त्यांनी बऱ्याच पत्रांनंतर मान्य केलं. दुसरं उत्तर, “तुम्ही दुरुस्त करत राहिलात की प्रणाली शिकेल.” मी दुरुस्त करत राहिले, पण त्याच पुरवठादाराचं पुढचं बिल पुन्हा उलटं. त्यातून दुरुस्तीसाठी ‘पुन्हा वाचा’ दाबलं की दरमहाच्या कोट्यातून आणखी एक कागद वजा होतो. चूक त्यांची आणि मोजणी आमच्या खात्यात! हे मला अजिबात पटलेलं नाही. तेव्हापासून मी तारीख हाताने बदलते, ते बटण दाबत नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मध्येच नवीन आवृत्ती आली, त्यामुळे मत थोडं बदलावं लागतंय. आता प्रत्येक पुरवठादारासाठी तारखेचा क्रम वेगळा ठरवता येतो आणि तो वाचतानाच लागू होतो. परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांची महिना-आधीची बिलं एकीकडे, बाकीची दुसरीकडे, असं लावून दिल्यापासून जुन्या पुरवठादारांची बिलं नीट येतायत. हे त्यांनी केलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण नवीन पुरवठादाराचं पहिलं बिल अजूनही अंदाजानेच लागतं, आणि जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत.

त्या जुन्या नोंदींसाठी ताईंनी काढलेली रीत कामाची आहे. एक, ज्या बिलाची तारीख ते चढवल्याच्या दिवसानंतरची आहे, ती सगळी वेगळी काढायची. दोन, बिलाची तारीख आणि मुदत यांत नेहमीच्या उधारीपेक्षा जास्त अंतर दिसलं, किंवा मुदतच आधीची निघाली, तर मूळ कागद उघडायचा. या दोन चाळण्यांत बहुतेक उलट्या तारखा सापडल्या. सीएसव्ही फाइल, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडता येणारी नोंदींची साधी यादी, काढताना एक काळजी घ्या. तारीख ०३/०७ अशीच बाहेर पडते आणि स्प्रेडशीट आपल्या प्रदेश-सेटिंगप्रमाणे तिचा पुन्हा वेगळा अर्थ लावू शकते. तारखेचा रकाना आधी मजकूर म्हणून घ्या, मग बदला.

वर्षभराचे पैसे एकदम भरले तर सूट मिळते, तरी मी मासिकच चालू ठेवलंय. शंका असलेल्या तारखेला हिरव्याऐवजी पिवळी खूण लावून माणसाला विचारा, एवढी एकच मागणी मी पाठवली आहे. ते झालं की वार्षिक घेईन. तुम्ही नवीन घेणार असाल तर चाचणीच्या काळात १२ तारखेच्या आतली बिलं मुद्दाम चढवा, वेगवेगळ्या देशांतल्या पुरवठादारांची, आणि प्रत्येकाची नोंद मूळ कागदाशी ताडून बघा.