गटाचा ब्लॉग: ब्लॉगर, वर्डप्रेस की स्वतःची वेबसाइट?

आमच्या ग्रामसंघाचा, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाचा, पहिला ब्लॉग अजूनही इंटरनेटवर आहे. त्यावर तीनच पोस्ट आहेत, शेवटची पोळ्याची. त्यातलं एक अक्षरही आता आम्हाला बदलता येत नाही. गावातल्या ज्या पोरानं तो काढून दिला, त्यानं स्वतःच्याच जीमेलवर काढला होता. पोरगा पुण्याला कंपनीत लागला, सिम बदललं, आणि पासवर्ड आता त्यालाही आठवत नाही. ब्लॉगवर नंबर आहे आमच्या जुन्या अध्यक्षांचा. "सरगुंडे मिळतील का?" म्हणून (सरगुंडे म्हणजे आमच्याकडचं वाळवण) त्यांना वर्षातून दोन-चार फोन हमखास येतात. मग त्या मला ऐकवतात, "माहा नंबर काढा नं बाप्पा तिथून!"

मी ग्रामसंघाची लिपिका. दारव्हा-दिग्रस भागातलं आमचं छोटं गाव. दुसऱ्यांदा ब्लॉग काढायचं ठरलं तेव्हा घाई केली नाही. उपलब्ध रस्त्यांवर थोडं थोडं चालून पाहिलं, कुठे ठेच लागते ते बघितलं. आता शेजारच्या गावांतले गट, वाचनालयाची मंडळं विचारतात की काय घ्यावं, म्हणून हे लिहितेय.

आधी एक प्रश्न. तुमच्या गटात हे काम दुसऱ्या नंबरला कोण करणार? पहिला माणूस सगळ्यांकडे असतो, कॉम्प्युटर येणारा, हौशी. पण आपल्याकडे तो पोरगा असेल तर नोकरीसाठी जातो आणि पोरगी असेल तर लग्न होऊन जाते. त्यामुळे मी पुढची सगळी तुलना दुसऱ्या माणसाला समोर ठेवून केली आहे. आमच्याकडे ती म्हणजे सातवी शिकलेल्या, पंचावन्न वर्षांच्या एक मावशी. फोन चांगला चालवतात, कॉम्प्युटरला मात्र कधी हात लावलेला नाही.

ब्लॉगर आणि वर्डप्रेस डॉट कॉम

ब्लॉग काढून देणाऱ्या साइट्समध्ये खरी निवड या दोघांत आहे. दोन्ही फुकट सुरू होतात आणि दोन्हींवर मराठी नीट दिसतं.

ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये गूगलनं ते विकत घेतलं. अलीकडे त्यात फार काही नवीन आलेलं नाही. हौशी लोक याला नावं ठेवतात, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीनं ते बरंच आहे, कारण काल शिकलेलं बटण आज जागेवर सापडतं. लिहायची जागा म्हणजे एक कोरं पान. वर ठळक-तिरपं करायची, फोटो टाकायची बटणं, आणि एक प्रकाशित करायचं. मावशींना हे एका बसणीत कळलं.

वर्डप्रेस डॉट कॉम २००५ चं. दिसायला ते जास्त देखणं आहे. पण तिथलं लिखाण तुकड्यातुकड्यांनी होतं: प्रत्येक परिच्छेद वेगळा, फोटो वेगळा, मथळा वेगळा. एकदा सवय झाली की त्यात मजा आहे. नवख्याचं बोट मात्र चुकीच्या तुकड्यावर पडतं आणि लिहिलेला मजकूर कुठे गेला तेच कळत नाही. आमच्या दोघी-तिघींनी करून पाहिलं. दोघींनी हात टेकले. तिसरी बारावीची मुलगी, तिला तेच आवडलं.

आता वर्डप्रेसची भक्कम बाजू. तुमच्याकडे फक्त मोबाइल असेल तर त्याचं जेटपॅक नावाचं ॲप फार कामाचं आहे. रेंज गेली तरी लिहिलेला मसुदा फोनमध्ये राहतो, रेंज आली की चढवायचा. ब्लॉगरवर आम्ही क्रोममधूनच लिहितो. तिथे लिहिता लिहिता नेटवर्क गेलं तर शेवटच्या दोन-चार ओळी गेल्याच समजा. आमच्याकडे दुपारी वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो. मावशींनी यावर स्वतःच तोड काढली: आधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज म्हणून सगळं लिहायचं, मग ते उचलून ब्लॉगवर चिकटवायचं. ओबडधोबड आहे, पण चालतं.

जाहिरातींचं सांगते. वर्डप्रेसच्या फुकट खात्यावर ते स्वतःच्या जाहिराती दाखवतात आणि त्याचा एक रुपयाही गटाला मिळत नाही. ब्लॉगरवर तुम्ही मुद्दाम चालू केल्याशिवाय जाहिरात येत नाही. आपल्या जवसाच्या चटणीखाली भलत्याच कशाची जाहिरात दिसली तर बायकांना ते आवडत नाही. आमच्या बैठकीत याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं.

वर्डप्रेसच्या फुकट खात्यात फोटोंसाठी जागा १ जीबी. फोनचा एक फोटो ४ एमबीचा धरला तर अडीचशे फोटोंत ती भरते. पण तोच फोटो आधी व्हॉट्सॲपवर पाठवून मग उतरवून घेतला तर बराच लहान होतो. मग जागेची काळजी करायचं कारण नाही, आणि वाचणाऱ्याचा डेटाही वाचतो. ही युक्ती ब्लॉगरवरही वापरा.

पत्त्याची गंमत

या गोष्टीवर जरा थांबते, कारण मराठीत लिहिणाऱ्याला ही हमखास नडते आणि कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगत नाही.

पोस्टचं शीर्षक मराठीत दिलं की ब्लॉगरला त्यातून पोस्टचा पत्ता, म्हणजे लिंक, तयार करता येत नाही, त्याला त्या जागी इंग्रजी अक्षरंच लागतात. मग तो सगळ्यांना एकच नाव देतो: 'ब्लॉग-पोस्ट', पुढे एखादा आकडा. लिंक बघून आत चटणी आहे की ग्रामसभेची सूचना, काही कळत नाही. वर्डप्रेस मराठी शीर्षक तसंच पत्त्यात घेतो. ऐकायला छान वाटतं, पण तो पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की प्रत्येक अक्षराचे आणि प्रत्येक काना-वेलांटीचे टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ अक्षरं-आकडे होतात. 'जवसाची चटणी' एवढ्या दोन शब्दांची नव्वदच्या वर अक्षरं! आमच्या गटात अशी लिंक पहिल्यांदा गेली तेव्हा एकीनं विचारलं, "हे व्हायरस तं नाही नं वं?" आणि कुणीच उघडली नाही.

उपाय दोन्हीकडे एकच. प्रकाशित करण्याआधी पत्ता स्वतः इंग्रजी अक्षरांत लिहायचा, म्हणजे 'जवस-चटणी' रोमन लिपीत. ब्लॉगरमध्ये त्याला पर्मालिंक म्हणतात, वर्डप्रेसमध्ये स्लग. ब्लॉगरमध्ये पोस्ट प्रकाशित झाल्यावर ती पुन्हा मसुद्यात नेल्याशिवाय पत्ता बदलत नाही, म्हणून सवय पहिल्या पोस्टपासूनच लावा. ब्लॉगचं स्वतःचं नाव ठरवतानाही तेच: छोटं, सरळ स्पेलिंगचं, त्यात कुणा माणसाचं नाव नको. अध्यक्ष बदलतात.

स्वतःचं डोमेन, स्वतःची जागा

वर्डप्रेसचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ते भाड्याच्या होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवर भाड्यानं घेतलेल्या जागेवर, बसवून स्वतःची वेबसाइट उभी करता येते. वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, देवनागरीतसुद्धा घेता येतो, डॉट भारत २०१४ पासून मिळतं. तालुक्याचा कुणी ना कुणी 'करून देतो' म्हणणारा भेटतोच. त्याला दोन गोष्टी विचारा: डोमेन कुणाच्या नावावर घेणार, आणि दुसऱ्या वर्षी किती पैसे लागणार. पहिल्या वर्षाचा भाव स्वस्त असतो, नूतनीकरणाला तो चढतो. सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावं लागतं. ते कुणी केलं नाही तर काय होतं, हे मी आमच्याच भागातल्या एका संस्थेच्या साइटवर पाहिलं. उघडली तर समोर पत्त्यांचा जुगार.

तुमची शेतकरी उत्पादक कंपनी असेल, ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या असतील, वर्षाला पाच-सहा हजार सहज बाजूला काढता येत असतील, तर जरूर करा. पण सात-आठ गटांच्या ग्रामसंघानं किंवा गावच्या वाचनालयानं या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेसबुक पेज आणि व्हॉट्सॲप यांना मी ब्लॉगच्या जागी धरत नाही. उद्या बैठक आहे हे सांगायला व्हॉट्सॲपसारखं काही नाही. पण मागच्या वर्षी अंबाडीच्या शरबताचं प्रमाण काय लिहिलं होतं ते आज तिथे शोधून दाखवा. शिवाय बाहेरच्या माणसाला गूगलवर ते सापडतही नाही. आम्ही दोन्ही वापरतो: ब्लॉगवर पूर्ण मजकूर, व्हॉट्सॲपवर पहिल्या चार ओळी आणि लिंक. नुसती लिंक टाकली तर कुणी उघडत नाही. सगळाच मजकूर टाकला तरी कुणी उघडत नाही.

शिकायचं कुठे?

इथेही निवड करावी लागते. एमएस-सीआयटी केलेल्या मुली गावात असतात. त्यांना फाइल, फोल्डर, टायपिंग येतं, आणि हा पाया मोठा आहे. पण ब्लॉग त्यांनाही नव्यानंच शिकावा लागतो. निव्वळ ब्लॉगसाठी क्लासची फी भरू नका.

यूट्यूबवर व्हिडिओ ढीगभर आहेत, बहुतेक हिंदीत. पण त्यातले निम्मे 'ब्लॉगमधून महिन्याला लाख कमवा' या थाटाचे. पहिल्या दहा मिनिटांत थीम, जाहिराती, एसईओ (गूगलवर वर दिसायच्या युक्त्या), आणि आपल्याला हवं असतं ते फोटो आडवा कसा करायचा एवढंच. 'पोस्ट कशी लिहायची', 'फोटो कसा टाकायचा' असं नेमकं शोधून पाच-सात मिनिटांचे व्हिडिओ पाहिले तर उपयोग होतो.

तिसरी पद्धत आमची. दोघींनी एका फोनवर बसायचं आणि जिला येतं तिनं फोनला हात लावायचा नाही. फक्त तोंडानं सांगायचं. हे फार अवघड आहे, माझे हात शिवशिवत होते. मावशींनी पहिली पोस्ट बोलून लिहिली, कीबोर्डवरच्या माइकवर. "अंबाडीचं शरबत" म्हणाल्या, तर स्क्रीनवर उमटलं 'आघाडीचं शरबत'. दोन्ही आजूबाजूच्या बाया हसून हसून लोटपोट. मावशी मात्र शांतपणे एकेक अक्षर खोडत बसल्या आणि त्या दिवशी खोडायचं बटण, कर्सर मधे नेणं, शब्द निवडणं, सगळं एकदमच शिकल्या. बोलून लिहिताना वऱ्हाडी धरून बोललं तर फोन गोंधळतो. पुस्तकी बोललं तर बरं उमटतं, पण मग ते आपलं वाटत नाही. आम्ही पाककृती पुस्तकी ठेवतो आणि बायांचे अनुभव वऱ्हाडीतच हातानं टाइप करतो.

ब्लॉगर अशा शिकण्याला सोपं जातं, कारण समोर दिसतं ते कमी आहे. वर्डप्रेस डॉट कॉमच्या पडद्यावर अधूनमधून सशुल्क योजनेचं निमंत्रण येतं आणि नवखी बाई घाबरते, की आपल्या हातून काही विकत तर घेतलं गेलं नाही ना.

वेळेचंही सांगते. ऑक्टोबरमध्ये, सोयाबीनच्या सोंगणीत हे काढू नका, आणि कापूस वेचणी जोरात असतानाही नको. आम्ही तूर घरात आल्यावर, फेब्रुवारीत बसलो. आठवड्यातून दोन संध्याकाळी, गटाच्या बैठकीला जोडून. पाच आठवड्यांत तिघींना स्वतंत्रपणे पोस्ट टाकता आली.

जुना मजकूर चढवायचा असेल तर आधी एक तपासा. डीटीपीच्या दुकानातून आणलेली पत्रकांची फाइल बहुधा जुन्या फॉन्टमध्ये असते. ती कॉपी करून ब्लॉगवर टाकली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. दोष ब्लॉगचा नाही, तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन आणि इंटरनेटला कळणाऱ्या मराठीत, नसतो. छापील कागदाचा गूगल लेन्सनं फोटो काढला तर मराठी मजकूर बऱ्यापैकी उचलला जातो, मग चुका दुरुस्त करायच्या. आणि इतिवृत्ताची पानं, कुणी किती कर्ज घेतलं, आधारच्या झेरॉक्स, यातलं काहीही ब्लॉगवर नको, कुठल्याच.

मग घ्यायचं काय

गटात मुख्य वापर फोनचाच असेल, रेंज वाईट असेल आणि निदान दोन तरुण मुलं टिकून राहणारी असतील तर वर्डप्रेस डॉट कॉम. नाहीतर ब्लॉगर. आम्ही ब्लॉगर घेतलं. उद्या ते बंदच झालं तर? गूगलनं २०१४ मध्ये ऑर्कुट बंद केलंच होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी मी सेटिंग्जमधून बॅकअपची फाइल उतरवते. त्यात मजकूर येतो, पण फोटोंच्या नुसत्या लिंक येतात, म्हणून फोटो वेगळे पेनड्राइव्हवर. वर्डप्रेसला ब्लॉगरचा मजकूर उचलून घेता येतो, त्यामुळे इथून तिकडे जायचा रस्ता मोकळा आहे.

या वेळी जीमेल ग्रामसंघाच्या नावानं काढलं. ते दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल खातं पुसू शकतं, म्हणून एप्रिलच्या बैठकीत ते उघडून बघायचं हा ठरावच केला. ब्लॉगला प्रशासक दोन, मी आणि मावशी. लॉगिनचा कोड ज्या सिमवर येतो ते सिम गटाचं. सिम हरवलं तर म्हणून गूगल जे दहा बॅकअप कोड देतं, ते छापून बंद पाकिटात, कपाटात, शिक्क्याच्या डब्यात.

जुना ब्लॉग अजून तसाच आहे, तीन पोस्ट आणि तो नंबर. मागच्या आठवड्यात अकोल्याहून कुणाचा तरी फोन आला, सरगुंड्यांसाठी. जुन्या अध्यक्षबाई या वेळी चिडल्या नाहीत. पदर खोचून, फोन कानापासून हातभर लांब धरून त्यांनी नवीन ब्लॉगचा पत्ता ठणकावून सांगितला. शेवटी म्हणाल्या, "आन् ते सारं इंग्रजीतच टाका बरं, मधात जागा नका सोडू."