आठ महिने ऑडिओ नाटकं ऐकल्यावर: शोकांतिका, इतिहास आणि बाबांचा कान

डिसेंबरात ऑडिओ नाटकांची वर्गणी भरली ती नागपूरच्या मेट्रोतल्या प्रवासासाठी. कडबी चौकात चढायचं, सीताबर्डीला गाडी बदलायची, लोकमान्य नगरला उतरायचं. येऊनजाऊन बराच वेळ हाताशी असतो. एक मराठी ॲप आणि काही इंग्रजी नभोनाट्यं, एवढ्यावर आठ महिने काढले. त्यातही जुन्या शोकांतिका आणि इतिहासातले प्रसंगच जास्त ऐकले, तेव्हा त्याबद्दलच लिहिते. हे ऑडिओबुक नव्हे. कुणी पुस्तक वाचून दाखवत नाही. नट भूमिका करतात, पावलं वाजतात, दार लागतं.

सुरुवात पानिपतापासून केली आणि पहिले काही भाग अजिबात आवडले नाहीत. पहिल्या मिनिटापासून तुतारी, नगारे, घोड्यांच्या टापा. भाऊसाहेब काय बोलतात ते सीताबर्डीच्या फलाटावर कळेना. घरी रात्री शांततेत लावलं, तरी तेच. सोडूनच देणार होते, तेवढ्यात ते पत्र आलं. १४ जानेवारी १७६१ ची लढाई संपलेली, नानासाहेब पेशवे उत्तरेच्या वाटेवर, आणि सावकाराची ती सांकेतिक ओळ: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. वाचणारा नट ‘मोत्यं’ म्हणून थांबला. मागे ना तुतारी, ना टापा. विश्वासराव आणि भाऊ गेले हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, पण त्या दिवशी ते मला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं असं वाटलं. सगळ्या लढाईत जे जमलं नाही ते त्या एका थांबण्यात जमलं.

मग ग्रीक नाटकांकडे वळले आणि त्याचं कारण उमगलं. त्या शोकांतिकांत मारामारी, हत्या सहसा प्रेक्षकांसमोर होतच नाही. सोफोक्लीजचा ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो ते महालाच्या आत. सेवक बाहेर येऊन सांगतो, तेव्हा आपल्याला कळतं. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही नाटकं कानाला इतकी सोपी जातात ती त्यामुळेच.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’. लिअर आपल्याला परका नाही, शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधून तो १९७० पासून मराठी घरात आहे. पण मला धरून ठेवलं ते जीव द्यायला निघालेल्या आंधळ्या ग्लॉस्टर सरदाराच्या प्रसंगाने. मुलगा एडगर ओळख लपवून त्याला सपाट जमिनीवरून चालवतो, कड्यावर आलो म्हणतो, आणि विचारतो, समुद्र ऐकू येतोय का? म्हातारा म्हणतो, नाही. रंगमंचावर आपल्याला फळ्या दिसत असतात, फसवणूक उघड असते. कानाला ते कसं कळणार? मी दोन वेगळे प्रयोग ऐकले. एकात लाटा होत्या, पक्षी होते. मी बिनदिक्कत कड्यावर उभी राहिले आणि एडगरचं खोटं वाया गेलं. दुसऱ्यात फक्त गवतावरची चार पावलं आणि म्हाताऱ्याची धाप. त्याचं ‘नाही’ ऐकताना मीही समुद्र शोधत होते, आणि तो नव्हता. वासुदेव नगर कधी गेलं कळलं नाही.

हे घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी ऐकायची इच्छा धरली. बाबा सावनेरच्या भूमिगत कोळसा खाणीतून निवृत्त झाले. नागपूर आकाशवाणीवरची नभोनाट्यं ऐकतच ते मोठे झाले. त्यांच्यासाठी मी मुद्दाम एक शोधलं. १५ जानेवारी १९२४ ला बीबीसीने रिचर्ड ह्यूजचं छोटं नाटक प्रसारित केलं होतं. खास रेडिओसाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या नाटकांत ते धरतात. वेल्समधली कोळसा खाण, दिवे गेलेले, तीन माणसं अडकलेली, पाणी चढतंय. पात्रांनाच काही दिसत नाही, मग ऐकणाऱ्याचं काय अडतं! आम्ही नव्याने केलेला प्रयोग लावला, खोलीतला दिवा बंद केला, मी मधेमधे थांबवून मराठीत सांगत होते. स्फोटाचा आवाज झाला आणि बाबा म्हणाले, “असं नाई वाजत बाई. छत एकदम नाई पडत. आधी बोलते ते.”

मग अंधारातच उठले, काठी घेतली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळच्या फरशीवर ठोकली. टण्. “हे घट्ट.” शेजारच्या फरशीवर ठोकली. भद्द. “हे सुटलेलं. याच्याखाली उभं नाई राहाचं.” खाणीत छत असंच ठोकून पाहायचे म्हणे, आणि लाकडी टेकू कुरकुरायला लागला की बाहेर पळायचं. त्या घरात मी सोळा वर्षं राहते, ती फरशी पोकळ आहे हे मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून कुठलंही नाटक आधी पाच मिनिटं ऐकून बघते. पार्श्वसंगीत संवादाच्या अंगावर येत असेल, तर पुढे जात नाही.

मराठी ॲपबद्दल माझ्या खऱ्या तक्रारी दोन, आणि पहिली मोठी आहे. लिअर मेलेल्या मुलीला, कॉर्डेलियाला, हातांवर घेऊन येतो, शेवट होतो, आणि काही सेकंदांत पुढच्या मालिकेची जाहिरात ओरडायला लागते. आपोआप पुढे जाण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद केली, तरी अपडेट आलं की पुन्हा सुरू. दोनदा कळवलं, उत्तर नाही. कलाकारांची आणि ध्वनी करणाऱ्यांची नावंही कुठे नीट देत नाहीत. पानिपताचं ते पत्र वाचणारा नट कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. बाकी डाउनलोड व्यवस्थित होतं, मेट्रोत अडकत नाही. वेग मात्र वाढवू नका. सव्वापट केलं की आधी मरतात ते संवादांमधले थांबे.

एक मागणं आहे. मी रोज सीताबर्डीच्या टेकडीजवळून जाते. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी तिथे आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांच्यात लढाई पेटली, दुसऱ्या दिवशी संपली. दोन टेकड्या, त्यातली लहान आधी इंग्रजांच्या हातून गेली, मग परत गेली इंग्रजांकडे. पुढे नागपूरचं राज्य टिकलं नाही, १८५४ मध्ये खालसा झालं. एवढी शोकांतिका इथे पडून आहे आणि ती ऐकायला मिळत नाही. कुणी करायला घेतलीच, तर रात्रभर त्या टेकडीवर बसलेल्या शिपायाला काय ऐकू येत होतं तेवढंच करा. तुतारी नको.

वर्गणी पुढच्या वर्षाची भरली आहे. बाबांसाठी कानावर बसणारा मोठा हेडफोन घेतला, इयरफोन त्यांच्या कानात टिकत नाही. सध्या ईडिपस सुरू आहे, रोज जेवणानंतर, दिवा बंद करून.