इसार देण्यापूर्वी घराची तपासणी: करून घ्यावी की सोडून द्यावी?

सांगलीत जुने घर घेताना वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी व बोजाच्या नोंदींचा तपास) न चुकता काढून घेणारी माणसे तेच घर स्थापत्य अभियंत्याला दाखवण्याच्या बाबतीत मात्र चालढकल करतात. ‘दुसरे गिऱ्हाईक रोख रक्कम घेऊन थांबले आहे,’ असे एजंटाने म्हटले की तपासणीचा विषय तिथेच बारगळतो. तपासणी सोडल्याने व्यवहार लवकर ठरतो, अभियंत्याची फी वाचते आणि कधीकधी भावातही थोडे कमी-जास्त होते; हा फायदा खरा आहे.

प्रश्न घर कोणते, हा आहे. कृष्णेचा पूर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात शिरला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. गावभाग या सांगलीच्या जुन्या वस्तीत मी पाहिलेल्या एका घराला नवाकोरा रंग दिलेला होता, पण जिन्याखालच्या कोनाड्यात छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ तशीच राहिली होती, आणि तिच्याखाली नाण्याने ठोकले की गिलावा पोकळ वाजत होता. विजेचा मीटर डोक्याच्याही वर बसवलेला होता, तो उगीच नव्हे. लोणा लागलेली, म्हणजे ओलीमुळे क्षार फुटलेली भिंत रंगाने काही महिने झाकता येते. स्लॅबमधील गंजलेले गज आणि काळ्या मातीत खचलेला पाया मात्र आपल्यासारख्यांच्या नजरेला सहसा दिसतच नाहीत.

बँकेचा माणूस घर पाहून गेला, एवढ्यावर कोणी विसंबू नये, कारण तो कर्जापुरते मूल्यांकन करतो. कायद्याचा आधारही वाटतो तेवढा भक्कम नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने त्याला माहीत असलेले महत्त्वाचे दोष सांगायचे असतात, परंतु खरेदीदाराला साध्या काळजीने कळले असते असे दोष त्यातून सुटतात. म्हणजे न पाहण्याची जोखीम बरीचशी आपल्याच अंगावर येते.

विश्रामबागेतील रेरा-नोंदणीकृत (स्थावर संपदा कायद्याखाली नोंदलेल्या) इमारतीमधल्या नव्या फ्लॅटची गोष्ट वेगळी आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष विकासकाने विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. तिथे नळ, उतार, ओल आणि दारे-खिडक्या स्वतः नीट पाहून घेतल्या तर अभियंत्याशिवाय भागू शकते. पूरपट्ट्यातील किंवा जुन्या भारवाहक भिंतींच्या (छताचा भार भिंतींवरच असलेल्या) घरासाठी मात्र मी ही सूट कोणालाही देणार नाही.

विक्रेत्याची घाई खरीच असेल, तर इसाराची रक्कम लहान ठेवावी आणि इसारपावतीतच लिहून घ्यावे की आठ दिवसांत अभियंत्याची पाहणी होईल व पाया, स्लॅब किंवा भिंतींत गंभीर दोष आढळल्यास इसार पूर्ण परत मिळेल. ही अट तोंडी मान्य करणारा विक्रेता ती कागदावर घ्यायला नकार देऊ लागला, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला ते घर खुशाल घेऊ द्यावे.