चारा ज्वारीची तीन बियाणी, मुरबाडच्या एका शेतात

मुरबाड तालुक्यात भात निघाले की विहिरीच्या पाण्यावर थोडी हिरवी वैरण करता येते. आमच्या म्हशींसाठी मी गेल्या रब्बीत तीन बियाणी प्रत्येकी दोन गुंठ्यांत शेजारी शेजारी पेरली: मालदांडी, तामिळनाडू कृषी विद्यापीठाचा को एफएस-२९ हा वाण आणि वाणाचे नावच नसलेली, नुसते ‘चारा ज्वारी’ असे छापलेली एक पिशवी.

यांत को एफएस-२९ मला सर्वांत उजवा वाटला. २००१ साली प्रसारित झालेला हा वाण ज्वारी आणि सुदान गवत यांच्या संकरातून आला आहे, आणि हा गवताचा वारसा बुंध्याशी बसून पाहिले की लगेच कळतो: एकेका ठोंबाला बारीक धाटांचे भरपूर फुटवे येतात. पहिली कापणी ६५ ते ७० दिवसांनी आणि पुढच्या कापण्या साधारण ५० दिवसांच्या अंतराने मिळतात. बी फार बारीक असल्यामुळे ते वाळूत मिसळून उथळ पेरावे. या चाऱ्याची कुट्टी म्हशींनी गव्हाणीत उरू दिली नाही.

मोहोळ येथे स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ‘दुर्रा’ या वेगळ्या कुळातली आहे. तिची कापणी एकदाच होते, पण दाणा मिळून वर कडबाही पदरात पडतो, आणि कडब्याच्या बाबतीत माझा तिच्यावरच विश्वास आहे.

तक्रार आहे ती तिसऱ्या पिशवीबद्दल. “भाऊ, चाऱ्याला काय, सगळी ज्वारी सारखीच,” असे म्हणत दुकानदाराने ती माझ्या हाती दिली होती. प्रत्यक्षात एकाच ओळीत काही ताटांच्या पानांची मधली शीर पांढरीशुभ्र, म्हणजे धाट आतून भेंडासारखे कोरडे, तर काहींची मळकट हिरवट, म्हणजे रसाळ, असा प्रकार निघाला. काही ताटे निसवली, म्हणजे त्यांची कणसे बाहेर पडली, तेव्हा शेजारची पोटरीतही आली नव्हती. हा दोष दिसण्यापुरता नाही. फुलोऱ्यापूर्वीच्या कोवळ्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत धुरीन हे द्रव्य जास्त असते, त्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. म्हणूनच निम्मे पीक फुलोऱ्यात आल्यावर कापायचे असते. पण सरमिसळ पिकात तो दिवस ठरवणार कसा? शेवटी सगळी ताटे निसवेपर्यंत थांबलो, आणि तोवर आधी निसवलेली धाटे निबर झाली.

हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ज्वारीचे ३५ हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. संशोधक त्यांतील वेगळेपण उंची, फुटवे, फुलोऱ्याचे दिवस आणि डीएनए खुणांवरून मोजतात, आणि त्या वेगळेपणातूनच नवे चारा वाण घडतात. ही विविधता दोन वाणांमध्ये असावी, एका पिशवीत नसावी. त्यामुळे घेताना वाणाचे नाव, उगवणशक्ती आणि तपासणीची तारीख असलेले लेबल आणि प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी पाहूनच पैसे द्यावेत. यंदा मी हिरव्या चाऱ्याला चार गुंठे को एफएस-२९ आणि कडब्याला दोन गुंठे मालदांडी पेरणार आहे.